शिष्यवृत्ती मिळाली, ती टिकवायची कशी?



त्र्यंबकेश्वरच्या एस.टी. स्थानकावर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले, तर दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एक यात्रेकरू. त्यांना कुशावर्त कुठे, ब्रह्मगिरीची वाट कोणती, परतीची गाडी किती वाजता, हे सांगायला दहा माणसे पुढे येतात. दुसरी म्हणजे पाठीला दप्तर लावलेली, पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत चिखल उडालेली मुले-मुली. ती अंबोलीकडून येतात, वेळुंज्याकडून येतात, आडबाजूच्या पाड्यांवरून तास-तासभर चालून सडकेला लागतात. त्यांना वाट सांगायला मात्र कोणी पुढे येत नाही. कॉलेजात नाव घातले, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, की पुढचे सगळे आपोआप होते, असे त्यांच्या घरच्यांना वाटते. खरे सांगायचे तर आम्हा शिकवणाऱ्यांनाही बऱ्याचदा तसेच वाटते.

ते आपोआप होत नाही. शिष्यवृत्ती मिळणे ही एक गोष्ट, आणि ती वर्षामागून वर्ष टिकवणे ही अगदी वेगळी गोष्ट. या दुसऱ्या गोष्टीविषयी आज बोलायचे आहे. मी या तालुक्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. म्हणजे पैशाचे शास्त्र मला येते, असा लोकांचा समज आहे! पण एका मुलाच्या पैशाचा साधा हिशेब मला वेळेवर सांगता आला नाही. त्याची हकीगत आधी सांगतो.

हा मुलगा पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात होता. नाव सांगत नाही. मागच्या बाकावर बसणारा, पण प्रश्न विचारला तर नेमके उत्तर देणारा. घरी दीड-दोन एकर उतारावरची जमीन, त्यात भात आणि नागली. आदिवासी विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याला मिळाली होती. पहिल्या वर्षाचा निकाल लागला, त्यात त्याचे दोन विषय राहिले. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ते विषय मागे ठेवून दुसऱ्या वर्षात बसायची त्याला मोकळीक होती. तो बसलाही. आणि दिवाळीनंतर यायचाच बंद झाला. मी हजेरीपटावर रोज ‘गैरहजर’ लिहीत गेलो. लिहिण्याचे काम मी चोख केले. विचारण्याचे केले नाही.

फाल्गुनात तो मला स्थानकावर भेटला. दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेला होता. म्हणालो, “अरे, कॉलेज का सोडलंस?” तर सहज बोलल्यासारखे म्हणाला, “सर, दोन विषय गेले ना. नापास झाल्यावर स्कॉलरशिप बंद होते. मग फी कुठून भरायची?”

मी त्यावर काहीच बोललो नाही, कारण नियम मलाही ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या लिपिकांना विचारले. त्यांनी नियमावली काढली आणि बोट ठेवून दाखवले. विद्यापीठाच्या नियमाने खालचे विषय राहूनही जो वरच्या वर्गात गेला, त्याला वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळू शकते. बाकीच्या अटी मात्र त्याने पुऱ्या केल्या पाहिजेत. म्हणजे मुलाची शिष्यवृत्ती गेलीच नव्हती. ती गेली, असे त्याला कोणीतरी पारावर सांगितले होते, आणि ती गेलेली नाही, हे सांगायला आम्ही कोणी हजर नव्हतो. नूतनीकरणाच्या अर्जाची तारीख तोवर केव्हाच उलटली होती. बैल गेला नि झोपा केला, दुसरे काय!

तेव्हापासून मी हे नियम वाचायला लागलो. ते अवघड नाहीत, पण कोणी समोर बसून सांगितले नाहीत, तर कागदावरच राहतात. आज त्यांतले मुख्य मुख्य तेवढे सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. शिष्यवृत्ती म्हणजे खैरात नव्हे आणि बक्षीसही नव्हे. तो एक करार असतो. देणारा म्हणतो, ‘मी खर्च सोसतो, तू शिक.’ आता ‘शिकतो आहे’ हे ओळखायचे कशावरून? त्याची माणसांनी तीन मापे ठरवली आहेत: वर्गात येतो का, परीक्षेत पुढे सरकतो का, आणि ठरलेल्या मुदतीत पुरे करतो का. जगात कुठेही जा, ही तीन मापे थोड्याफार फरकाने सापडतील.

पहिले माप हजेरीचे. आपल्याकडच्या बहुतेक शासकीय शिष्यवृत्त्यांना ७५ टक्के हजेरी लागते. टक्के म्हटले की मुले मान हलवतात आणि विसरून जातात. म्हणून दिवसांत सांगतो. समजा, एका सत्रात ९० दिवस वर्ग भरले. त्यांतले ६८ दिवस हजर राहायला हवे. म्हणजे चुकवायला हाताशी उरले फक्त २२. आता आपल्या भागाचा हिशेब करा. कॉलेज सुरू होते ते ऐन आवणीच्या दिवसांत. भाताची आवणी घरची आणि सावडीची मिळून पंधरा दिवस घेते. उरले सात. त्यात दोन दिवस ताप, एक दिवस पोळा, दोन दिवस ओढ्याला पूर आल्यामुळे गाडी नाही. उरले दोन. गणपती अजून यायचेच आहेत! दुसऱ्या सत्रात द्राक्षांची तोडणी सुरू होते, तेव्हा पुन्हा हीच कथा. मुलगा आळशी नसतो, उनाडही नसतो. घरचे काम करून तो हजेरीत मागे पडतो. पण हजेरीपटाला आवणी कळत नाही.

यावर उपाय काय? आवणी सोडा, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात वर्षाचे भात त्या पंधरा दिवसांवर अवलंबून आहे, त्याला तसे सांगणारा मी कोण? पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे बावीस दिवस बी-बियाण्यासारखे मोजून वापरावेत. आवणीला आठ दिवस मुलगा द्या, बाकीचे सात दिवस सावड करून भागवा. लग्नसराईतले, जत्रेतले दिवस त्यातून खर्चू नका. दर महिन्याच्या अखेरीला मुलाने वर्गशिक्षकाला विचारावे, “सर, माझे किती दिवस भरले?” एवढा एक प्रश्न वेळेवर विचारला, तर पुष्कळ घोटाळे टळतील.

दुसरे माप परीक्षेचे. येथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. केंद्र सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांचा गाभा असा: शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली, की वर्तन चांगले आणि हजेरी नियमित असेल, तर ती तो अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत चालू राहते, मात्र दर वर्षी विद्यार्थी वरच्या वर्गात गेला पाहिजे. वरच्या वर्गात गेला पाहिजे, एवढेच. पहिला आला पाहिजे, असे नव्हे. विषय मागे ठेवून वर गेला, तरी तो वर गेलाच.

आणि अजिबात वर गेला नाही तर? वैद्यकी, अभियांत्रिकी यांसारख्या पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमांत पहिल्यांदा नापास झालेल्याला एकवार सवलत मिळू शकते. पुढे पुन्हा नापास झाला, तर वरच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च त्याने स्वतः सोसायचा. ‘वरच्या वर्गात जाईपर्यंत’ हे शब्द नीट ऐका. म्हणजे वाट कायमची बंद होत नाही. तो वर्ग सुटला, की विद्यार्थी पुन्हा अर्ज करू शकतो. गावात मात्र ‘एकदा नापास, कायमचा बाद’ असा समज पसरलेला असतो, आणि त्या समजापायी मुले घरी बसतात.

आजारपणाविषयीही नियमात जागा आहे. आजारामुळे किंवा आधी न कळणाऱ्या एखाद्या आपत्तीमुळे मुलगा वार्षिक परीक्षेला बसू शकला नाही, तर डॉक्टरचा दाखला किंवा दुसरा पुरेसा पुरावा देऊन, तो बसला असता तर पास झाला असता अशी प्राचार्यांची खात्री पटवून, शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू ठेवता येते. पण दाखला त्याच वेळी घेतलेला हवा. ताप उतरून सहा महिने झाल्यावर कोणता डॉक्टर ताप लिहून देईल? तेव्हा सरकारी दवाखान्यातला केसपेपर चुलीत घालू नका. पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या कागदांशेजारी ठेवा.

आणखी एक खाच आहे, तीत पुष्कळ जण पडतात. शास्त्र शाखेच्या पहिल्या वर्षात जमले नाही, म्हणून मुलगा कोणाला न विचारता कला शाखेच्या पहिल्या वर्षाला नाव घालतो. विषय किंवा संस्था आधी परवानगी न घेता बदलली, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. त्याचप्रमाणे एक पदवी झाल्यावर त्याच पायरीची दुसरी पदवी, म्हणजे बी. ए. नंतर बी. कॉम., घेतली, तर तिला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्याही घेता येत नाहीत. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले, तर घेतलेली रक्कम परत मागण्याचा अधिकारही सरकारला असतो. तेव्हा बदलायचे असेल तर जरूर बदला, पण आधी कार्यालयात विचारा, आणि विचारलेले लेखी घ्या.

काही शिष्यवृत्त्यांना गुणांची अटही असते. बारावीत उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. ती पुढच्या वर्षी चालू ठेवायला वार्षिक परीक्षेत निदान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. शाळेतल्या शिक्षकांसाठी दुसरे उदाहरण सांगतो. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली. ती नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. मुले ती मिळवतात, शाळेच्या फळ्यावर नावे लागतात. पण नववीतून दहावीत पहिल्याच खेपेला जावे लागते, दहावीला ६० टक्के गुण पडावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे, आणि अकरावीतूनही पहिल्याच खेपेला वर जावे लागते. हे फळ्यावर कोण लिहितो? ज्याचे नाव आठवीत लावले, त्याला दहावीत ५८ पडले, तर अकरावीचे पैसे का आले नाहीत, हे त्याला कळतसुद्धा नाही.

तिसरे माप कागदाचे आणि मुदतीचे. नूतनीकरणाचा अर्ज दर वर्षी, वेळेत, महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. गेल्या वर्षी भरला म्हणून या वर्षी आपोआप चालू राहत नाही. मागच्या वर्गाची गुणपत्रिका हाताशी हवी. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली आहे का, ते पाहा. बँकेचे खाते आधारला जोडलेले आणि चालू आहे का, तेही पाहा. पुष्कळ महिने व्यवहार न झालेले खाते बंद पडते आणि मंजूर झालेली रक्कमही अडकते. काही योजनांत कॉलेजच्या शुल्काची रक्कमसुद्धा विद्यार्थ्याच्याच खात्यात येते आणि ती त्याने कॉलेजात भरायची असते. घरात अचानक पैसे आले असे समजून त्यांतून पत्रे आणले, तर पुढच्या वर्षी अडचण उभी राहते. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, तरी त्याची तयारी आपल्या गावात दोन-तीन वर्षे आधी सुरू होते. ही तारीख तर दर साली येते. तिची तयारी आठ दिवस आधी तरी व्हावी!

कोणी म्हणेल, गरिबाच्या मुलाला एवढ्या अटी कशाला? प्रश्न रास्त आहे. पण अटी सगळीकडे आहेत. अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक कॉलेजला ‘समाधानकारक प्रगती’चे नियम करावेच लागतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सरासरी ठरावीक श्रेणीची हवी, आणि अभ्यासक्रम त्याच्या मुदतीच्या दीडपटीत पुरा व्हायला हवा. चार वर्षांचा असेल, तर फार तर सहा. म्हणजे अट तिकडेही आहे. पण तिकडचे एक घेण्यासारखे आहे. मुलगा मागे पडला, तर कॉलेज त्याला एका सत्रापुरती ताकीद देऊन मदत चालू ठेवू शकते. त्यानंतरही मदत थांबली, तर आजार, घरातला मृत्यू किंवा तशीच अडचण सांगून तो पुन्हा विचार करण्याची विनंती करू शकतो. त्या विनंतीपत्रात दोन गोष्टी लिहायच्या असतात: काय घडले, आणि आता काय बदलले आहे. मला हे फार आवडले. आपल्याकडे अर्ज लिहिताना मुले पहिली गोष्ट लिहितात, ‘घरची गरिबी आहे’, आणि थांबतात. दुसरी गोष्टही लिहायला आपण त्यांना शिकवले पाहिजे. ‘वडील आजारी होते, म्हणून मी कामाला गेलो, आता भाऊ घरी आला आहे, मी वसतिगृहात राहीन,’ असे लिहिले, की वाचणाऱ्यालाही हात पुढे करता येतो.

मुदत संपली, म्हणून शिक्षण संपले असे होत नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तोही करारच होता. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. १९१५ साली ते एम. ए. झाले, १९१६ साली लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी मिळवली: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवण्याची. १९२० साली, स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते परत गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. पुढे १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा ते स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते.

यातून घ्यायचे ते हे: पैसा थांबला, तेव्हा त्यांनी दार ओढून घेतले, पण कडी लावली नाही. परवानगीचा एक कागद मागून घेतला. शिक्षण सोडण्याची वेळ आलेल्या आपल्या मुलांनाही मी हेच सांगेन. जायचेच असेल तर न सांगता जाऊ नका. वर्गशिक्षकाला भेटा, कार्यालयात लेखी कळवा, परत यायची वाट विचारून ठेवा. नाशिकला १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. घरी राहून शिकण्याची सोय तिथे आहे. आपल्या गोदावरीविषयी भाविक मानतात, की ती ब्रह्मगिरीवर प्रकटते, लुप्त होते, गंगाद्वारी दिसते, पुन्हा लुप्त होऊन कुशावर्तात येते. मध्ये दिसली नाही, म्हणून ती आटली असे कोणी म्हणत नाही.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. आपल्या वर्गातल्या शिष्यवृत्तीधारक मुलांची एक वेगळी यादी करा. प्रत्येकाच्या नावापुढे हजेरी दर महिन्याला लिहा. ज्याची हजेरी ८० टक्क्यांखाली आली, त्याला त्याच आठवड्यात बोलवा. ७४ वर आल्यावर बोलावून उपयोग नाही. निकाल लागला, की राहिलेल्या विषयांच्या मुलांना एका खोलीत बसवा आणि सांगा, ‘तुमची शिष्यवृत्ती गेलेली नाही. अर्ज भरा.’ नियम दर साली थोडे बदलतात. तेव्हा त्या वर्षीची सूचना वाचूनच सांगा. ऐकीव सांगू नका. पारावरचे ऐकीव ज्ञान आधीच पुष्कळ आहे. त्यात आपली भर नको.

तो मुलगा आमच्या कॉलेजात परत आला नाही. पण दोन वर्षांनी जूनमध्ये एक दिवस तो कार्यालयाच्या खिडकीपाशी दिसला. बरोबर धाकटी बहीण होती, पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी. अर्ज तिच्या हातात, कागदांची पिशवी याच्या. मला पाहून तो पुढे आला. नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, हिचं नाव घालतोय. पण आधी मला सांगा, हिचे किती दिवस भरायला लागतात, आणि विषय राहिला तर काय करायचं?”

मी त्याला बाकावर बसवले आणि एका कागदावर सगळे लिहून दिले. हजेरी किती, अर्ज केव्हा, कोणते दाखले, विषय राहिला तर काय, आजारी पडली तर काय. पुरते एक पानही भरले नाही. त्याने तो कागद दोनदा वाचला, चौघडी घालून पिशवीत ठेवला, आणि बहिणीला म्हणाला, “आवणीला तू आठच दिवस यायचं. बाकीचं मी बघतो.”

ते एक पान मी त्याला तीन वर्षे आधी द्यायला हवे होते. आता दर जूनमध्ये ते लिहून मी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात देतो. आपणही आपल्या गावात, आपल्या शाळेत तेवढे करावे, एवढेच सांगायचे होते.